बिनगाण्याचा आठवडा

माझ्या थोरल्या नणंदेशी माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला फार प्रेमळ समजायला नको. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून त्या आमच्याकडे, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाकडे राहतात. घर दोन खोल्यांचं. त्यातल्या एका खोलीत मी काही ठेवलं की दुसऱ्या खोलीतून येऊन त्या ते हलवणार. टॉवेलाची घडी मी आडवी घातली तर त्या उभी घालणार. मी पण काही गप्प बसणाऱ्यातली नाही. आमचे हे मात्र या सगळ्यात वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचे आणि घरात आग लागली असती तरी पान उलटून पुढची बातमी वाचली असती.

मी त्यांना वन्सं म्हणते. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात सगळे मावशी म्हणतात. आम्ही दोघीही तिथेच कामाला. मी वरच्या मजल्यावर पुठ्ठ्यांना खळ लावून कव्हरं चिकटवते. त्या खाली, जुळणीच्या टेबलाशी. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक जुडगा होतो. त्याला आमच्यात फर्मा म्हणतात. एका पुस्तकाचे असे बरेच फर्मे. लांबलचक टेबलावर त्यांच्या थप्प्या क्रमाने मांडलेल्या असतात आणि बायका एकीमागे एक टेबलाभोवती फिरत प्रत्येक थप्पीवरून एकेक फर्मा उचलत जातात. फेरी पूर्ण झाली की हातात आख्खं पुस्तक, फक्त शिवायचं आणि कव्हर चढवायचं बाकी. ते शिलाईवाल्यांच्या बाजूला ठेवायचं आणि परत पहिल्या थप्पीपासून सुरू. हे दिवसभर. घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर झापडं तरी असतात.

त्या फिरण्यात एकीचं पाऊल अडलं की मागची तिच्या पाठीवर आदळते, तिच्यावर तिसरी. मग हातातले फर्मे मागेपुढे होतात आणि पुस्तकात चौथ्या धड्यानंतर एकदम सहावा येतो. यावर तोडगा म्हणून थोरल्या मालकांच्या काळापासून टेबलावरच्या फळीवर रेडिओ होता. गाणं सुरू झालं की सगळ्यांची पावलं एका मापात पडायची. पाऊल, हात, फर्मा. पाऊल, हात, फर्मा. वरच्या मजल्यावरूनही मला फरशीतून ते जाणवायचं. आमच्या मुकादमांनी यावर स्वतःचं एक शास्त्र बनवलं होतं. उडत्या चालीच्या गाण्यात पुस्तकं जास्त होतात पण चुकाही जास्त होतात, आणि विरहाच्या गाण्यात पुस्तकं जरा कमी पण एकही फर्मा चुकत नाही. त्यामुळे शाळेच्या पुस्तकांचं काम आलं की ते रेडिओपाशी उभे राहून कुठे कुणी रडतंय का ते शोधत बसायचे.

वन्संच्या सगळ्या आयुष्यात आनंद म्हणावा असं ते टेबलच होतं. घरी त्यांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा असायचा. तिथे मात्र त्या गुणगुणत फिरायच्या, आणि त्यांचा रोजचा आकडा टेबलावर सगळ्यांत मोठा. मुकादम संध्याकाळी भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकीचा आकडा लिहायचे. वन्सं तो वाचल्याशिवाय घरी निघायच्या नाहीत. भावाच्या घरी भावजयीच्या हातचं जेवणाऱ्या बाईला असा कुठेतरी वर लिहिलेला आकडा लागतो, हे मला उशिरा कळलं. तोवर मी त्याला मिरवणं म्हणायची.

एका सुट्टीच्या दिवशी मी बाजारातून आले, किल्ली विसरले होते, म्हणून बेल वाजवली. दार उघडेना. खिडकीतून बघते तर वन्सं आत बेलच्या अगदी खाली बसून मटार सोलतायत, आणि मजेत गुणगुणतायत. मी परत बेल दाबली. दाबूनच धरली. त्यांनी शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले, दुसरी शेंग घेतली. माझा असा काही संताप झाला की सांगता सोय नाही. सरळसरळ मला बाहेर ताटकळत ठेवायचं म्हणून हे चाललंय, दुसरं काय! पायाशी पडलेला एक खडा उचलला आणि खिडकीतून त्यांच्या भांड्यात नेम धरून मारला. मटार उडाले, तशा त्या दचकून वर बघायला लागल्या.

दार उघडल्यावर मी तोंड सोडलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत ऐकत राहिल्या. माझं बोलून संपलं तेव्हा त्यांनी दार लावलं, मला खाली बसवलं आणि म्हणाल्या, "ओरडू नकोस. ओरडून काही उपयोग नाही. वर्ष होऊन गेलं, मला काही ऐकू येत नाही."

मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. तरुणपणी त्यांनी घडी मशीनच्या खोलीत कितीतरी वर्षं काढली होती. ती खोली म्हणजे पत्र्याच्या डब्यात बसून कुणी वरून काठ्या मारल्यासारखी आहे. ऐकणं हळूहळू कमी होत गेलं आणि मग एक दिवस उरलंच नाही. मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले, घरी सांगितलं गुडघा दाखवायला चाललोय. डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, कानाला यंत्र लावलं तरी फक्त खरखर वाढेल. वन्संनी एक दिवस ते लावून पाहिलं आणि काढून ठेवलं.

"कुणाला सांगायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "तुझ्या नवऱ्यालाही नाही."

"अहो पण कारखान्यात कसं चालवताय तुम्ही?"

"तिथे कोण कुणाचं ऐकतं? सगळे हातवारे करून तोंडासमोर येऊनच बोलतात. आणि पुढचीच्या टाचांकडे बघितलं की ठेका कळतो. गाणी काय, माझ्या डोक्यात आहेत."

मग मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. रेडिओवर बातम्या लागल्या तरी या आपलं गाणं म्हणत फिरायच्या आणि सगळ्या बायका हसायच्या, "मावशींचं स्टेशन वेगळंच!" त्यांना वाटायचं मावशी गाण्यात किती रंगून जाते.

लपवायचं कारणही तसंच होतं. खळ शिजवणारा एक म्हातारा आमच्याकडे होता, त्याचे कान गेले होते. कागदाच्या रिमांनी भरलेली ढकलगाडी येताना ढकलणारा "बाजू, बाजू" ओरडत येतो. ते त्याला ऐकू आलं नाही, गाडीचं चाक पायावरून गेलं. पाय बरा झाला, पण त्याला परत कामावर घेतलं नाही. थोरल्या मालकांनी तेव्हाच नियम करून टाकला, ज्याला ऐकू येत नाही त्याने कारखान्यात पाऊल ठेवायचं नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण वन्संना दिवसभर त्या दोन खोल्यांत माझ्याबरोबर आणि त्या मुक्या भिंतींबरोबर बसवायचं, म्हणजे त्यांना जिवंतपणी मूठमाती देण्यासारखंच होतं. आणि खरं बोलायचं तर मलाही त्या दिवसभर घरात नको होत्या. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. माझं तोंड बंद राहिलं यावर आमच्या ह्यांचा अजूनही विश्वास बसत नाही.

गाडी येताना वन्संना सावध करायचं काम नकळत नाचरी करायची. नाचरी म्हणजे टेबलावरची सगळ्यांत हलक्या पायांची पोरगी. वन्सं नेहमी तिच्याच मागे लागायच्या, कारण तिच्या टाचा गाण्याबरोबर अशा पडायच्या की न ऐकणाऱ्यालाही गाणं दिसावं. ती बाजूला झाली की या बाजूला व्हायच्या. तिलाही मावशींचा लळा होता. मागच्या वर्षी तिचं तान्हं बाळ गेलं. झोपेतच गेलं. ती महिनाभराने कामावर आली तेव्हा कुणाला काय बोलावं कळेना. वन्संनी तिला नुसतं धरून टेबलापाशी उभं केलं आणि चालायला लावलं. नाचरी नंतर मला म्हणाली होती, "काकू, गाणं चालू असलं ना, की डोक्यात दुसरं काही येत नाही. मध्ये थांबलं की येतं."

मग धाकटे मालक आले. थोरले आजारी पडून घरी बसले आणि कारभार मुलाकडे आला. माणूस वाईट नव्हता. आल्याआल्या त्यांनी पंखे बसवून दिले, मोरी दुरुस्त करून घेतली. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट मोजून बघायची खोड होती. त्यांचं म्हणणं, गाण्याने काम वाढतं असं सगळे म्हणतात, पण कुणी तपासून पाहिलंय का? बायका गाण्याचे शब्द ऐकण्यात रमतात, त्याने काम उलट कमी होत असेल. म्हणून एक आठवडा गाणी लावायची आणि एक आठवडा रेडिओ बंद ठेवायचा. फळ्यावरचे आकडे काय सांगतील ते खरं. शाळेच्या पुस्तकांचं मोठं काम आलेलंच होतं.

हे त्यांनी खाली सगळ्यांना सांगितलं ते फळ्याकडे तोंड करून, खडूने रकाने आखत आखत. वन्संना त्यांची पाठ दिसत होती. वर आमच्यापर्यंत हे आलं ते मालक कामाचे आकडे नीट लिहायला सांगतायत, एवढंच. मी आपली पुठ्ठे चिकटवत होते. जेवणाच्या सुट्टीत खाली यायची तर तेव्हा रेडिओ नेहमीच बंद असायचा. जे खालच्या प्रत्येकीला माहीत होतं, ते नेमकं आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

पहिला आठवडा गाण्यांचा गेला. दुसऱ्या आठवड्यात रेडिओ बंद झाला आणि वन्सं गुणगुणत फिरत राहिल्या. फरशीतून येणारा ठेका मोडलाय हे मला वर जाणवलं, पण ते मी कामाच्या घाईवर ढकललं.

त्या आठवड्यात खाली काय झालं ते मला नंतर मुकादमांनी सांगितलं. गाणं गेल्यावर टेबलाभोवती बायकांची नुसती गर्दी झाली. कुणी भरभर, कुणी रेंगाळत, सारखी धडकाधडकी. कागदाची खसखस आणि चपलांचा आवाज याशिवाय काही नाही. एरवी हसणाऱ्या बायका एकमेकींवर खेकसायला लागल्या. आणि नाचरीचं तर सगळंच बिघडलं. चालता चालता ती थप्पीपाशी थांबायची, हात फर्म्यावर, डोळे कुठेतरी. मग भानावर येऊन घाईने पुढे जायची आणि तो फर्मा राहूनच जायचा, नाहीतर तोच दोनदा उचलला जायचा. तिच्या मागे वन्सं होत्या. त्यांना एवढंच दिसत होतं की पुढच्या टाचा अडखळतायत. ती अडली की त्या बाजूने वाट काढून फेरी पुरी करायच्या. त्यांच्या डोक्यात गाणं चालू होतं आणि त्यांच्या लेखी ते रेडिओवरही चालू होतं. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्यांनी नाचरीच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं, किती छान गाणं लागलंय! ठेका सोडू नकोस."

सगळं टेबल थांबलं. नाचरी पुस्तकं तशीच टाकून मोरीकडे पळाली.

घरी वन्सं मला म्हणाल्या, "या आठवड्यात पोरींना काय झालंय कळत नाही. पावलं पडत नाहीत कुणाची. दमल्यात वाटतं."

"काम जास्त आहे ना," मी म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

आठवडा संपला तेव्हा धाकट्या मालकांनी सगळ्यांना फळ्यापाशी बोलावलं, आम्हा वरच्यांनाही. या वेळी ते आमच्याकडे तोंड करून बोलले. सगळ्यांचे आकडे उतरले होते. कुणाचे थोडे, कुणाचे बरेच. फक्त मावशींचा आकडा दोन्ही आठवड्यांत अगदी तसाच.

"याचा अर्थ काय?" मालक म्हणाले. "गाण्याचा कामाशी संबंध नाही. संबंध असता तर मावशींचाही आकडा उतरला असता. बाकीच्यांची नुसती सवय आहे आणि सवय मोडता येते. रेडिओ आजपासून बंद. मावशींनी जे करून दाखवलं ते सगळ्यांना जमायला पाहिजे."

मी वन्संकडे बघितलं. त्या मालकांच्या ओठांकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. बंद. आठवडाभर बंद होता. त्यांनी सावकाश वळून फळीवरच्या रेडिओकडे पाहिलं, मग नाचरीकडे. नाचरीने मान फिरवली.

त्यानंतर कारखान्यात वन्संशी कुणी बोलेना. त्यांच्यामागे मात्र भरपूर बोलणं चालायचं, अगदी त्यांच्या पाठीला खेटून. मालकांची लाडकी. दगडाच्या काळजाची. लेकरू गेलेल्या पोरीला म्हणे ठेका सोडू नकोस! ते टोमणे वन्संपर्यंत पोचतच नव्हते, ते सगळे मी झेलत होते. कुणाला सांगणार, की बायांनो, ज्या बाईला तुम्ही बोलताय तिच्यापर्यंत तुमचं एक अक्षर जात नाहीये? दोनदा ओठांवर आलं, दोनदा गिळलं. पण वन्संना चेहरे दिसत होते. चेहरे वाचण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी गुणगुणणं सोडलं. घरी आल्या की भिंतीला टेकून बसायच्या. टॉवेलांना हातसुद्धा लावायच्या नाहीत. मी मुद्दाम आडव्या घड्या घालून समोर ठेवल्या, तरी नाही.

मग शाळेकडून पुस्तकांचा एक गठ्ठा परत आला. पुस्तकांत एकच धडा दोनदा आणि पुढचा गायब. प्रत्येक जुळणीवालीची चिठ्ठी गठ्ठ्यात असतेच. तो नाचरीचा निघाला. मालकांनी मुकादमांना सांगितलं, महिनाअखेर तिला मोकळं करा, असं चालणार नाही. मुकादमांनी हे आम्हाला वर येऊन सांगितलं.

मी घरी आल्यावर वन्संना सांगणार नव्हते. पण त्यांनी माझ्यासमोर बसून विचारलं, "काय झालंय? सगळ्या जणी तिच्याकडे अशा का बघत होत्या?"

मी खोटं बोलते तेव्हा माझे ओठ वेगळे हलत असणार. त्यांना खरं काढून घ्यायला वेळ लागला नाही. 

"माझ्या आकड्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"काही नाही. तिचं तिच्यामुळे झालं. तुम्ही यात पडू नका."

"मालकांना वाटतं मी गाण्यावाचून काम केलं. मी गाण्यावाचून एक पाऊल टाकलेलं नाही. मी सांगते त्यांना."

"आणि मग? तुम्हाला घरी बसवतील! खळवाल्या म्हाताऱ्याचं काय झालं विसरलात?" माझा आवाज चढला होता. त्यांच्यापुढे आवाज चढवून काही होत नाही, हे रागात आठवत नाही. "दिवसभर इथे बसून काय करणार आहात? माझ्या चुका काढणार?"

"तुझ्या चुका काढायला ऐकू यावं लागत नाही," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की मी तोंडावर हात घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळले. मागून त्या बोलत राहिल्या. मी पाठ केली की आता उत्तर मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी बोलत राहिल्या. "त्या टेबलाशी मी उभी असते ना, तेव्हा मला वाटतं माझ्यात काहीतरी चालू आहे अजून. घरी आले की सगळं बंद. मला काय जायचंय थोडंच तिथून? पण ती पोरगी माझ्या पुढे चालत होती म्हणून मी वर्षभर चालले. तिला घालवून मी कुणाच्या टाचा बघू?"

मी वळून म्हटलं, "तुम्हाला हवं ते करा." रागानेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मला बरोबर घेऊन खाली मालकांसमोर उभ्या राहिल्या. जुळणी सुरू व्हायची होती, सगळ्या बायका टेबलापाशी होत्या. वन्संनी एका दमात सांगितलं. मला ऐकू येत नाही. वर्षापेक्षा जास्त झालं. रेडिओ बंद आहे हे मला कळलंच नव्हतं. माझा आकडा धरू नका. माझ्याशिवाय बाकीच्यांचे आकडे बघा आणि या पोरीला काढू नका.

मालकांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. "काल सगळ्या जणी माझ्याकडे रेडिओसाठी रडत आल्या," ते म्हणाले. "आज ही नवीन युक्ती. मावशी, तुम्ही माझ्याशी आत्ता नीट बोलताय, मी बोलतोय ते तुम्हाला कळतंय. मला एवढं भोळं समजू नका."

"मी ओठ वाचते."

"आणि वर्षभर कुणालाच कळलं नाही?"

बायकांच्या चेहऱ्यांवरही तेच होतं. कुणाचा विश्वास बसला नव्हता. एक तर माझ्या बाजूलाच पुटपुटली, "आता चांगुलपणा घ्यायचाय."

वन्संनी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. तुम्ही हाक मारा."

त्या चालत गेल्या आणि भिंतीपाशी आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एप्रनची गाठ पाठीवर नीट बांधलेली, अंबाड्याखाली मान ताठ, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. शाळेत शिक्षा झालेलं मूल उभं राहतं तशा. मालकांनी घडी मशीनच्या खोलीचं दार लावायला सांगितलं. मशीनचा खडखडाट दाराआड गेला.

"मावशी," मालक साध्या आवाजात म्हणाले.

काही नाही.

"मावशी!" जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. त्यांच्या आवाजातला संशय कमी होत गेला तसा आवाज चढत गेला. मुकादम पुढे झाले. ते ओरडले की ढकलगाडी जागच्या जागी थांबते. ते ओरडले. मग मघाची पुटपुटणारी, मग दुसरी, मग सगळ्याच. मावशी, मावशी, सगळी खोली हाका मारत होती, काही जणी रडत रडत. नाचरी सगळ्यांत शेवटी बोलली. ती ओरडली नाही. "मावशी, वळा ना. चुकलं माझं, वळा," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

भिंतीपाशी वन्संनी एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं.

"मारा की हाक," त्या म्हणाल्या. "किती वेळ उभी करणार? कामं पडलीयत सगळ्यांची."

 धाकटे मालक खुर्चीवर बसले. मुकादमांकडे न बघता म्हणाले, "हिला ठेवा. रेडिओ लावा." मग आणखी हळू म्हणाले, "मावशींना मात्र आजपासून घरीच थांबू द्या. आपल्या हातून काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" त्यांचं बरोबर होतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं बरोबर होतं. मुकादमांनी हात वर करून फळीवरचं बटण फिरवलं.

मी भिंतीपाशी जाऊन वन्संच्या पुढ्यात उभी राहिले, म्हणजे भिंत आणि त्या यांच्या मधल्या जागेत घुसले. त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"कुणी मारली हाक?"

"सगळ्यांनी," मी ओठ नीट हलवत म्हटलं.

"तिनेसुद्धा?"

"तिनेसुद्धा."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. बाकी काय ठरलं ते त्यांनी मला विचारलं नाही. माझ्या तोंडावर ते लिहिलेलंच असणार. "मग म्हणावं, आता रेडिओ लावा," त्या म्हणाल्या.

"लागलाय, वन्सं."

"लागलाय?" त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाठीला हात नेऊन एप्रनची गाठ सोडवत होत्या. "कुठलं गाणं आहे?"

मी ऐकलं. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण हे कुणालाही कळलं असतं. "गाणं नाही," मी म्हटलं. "साबणाची जाहिरात आहे."

त्या थोडंसं हसल्या. गाठ सुटली, तरी त्यांनी एप्रन अंगातून काढला नाही.

"मग थांबू जरा," त्या म्हणाल्या. "गाणं लागलं की सांग. मग निघू."